मुंगीबाई आणि अठरा महिन्यांची वाट

दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या त्या बाईचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाळाच्या टाचेला सुई टोचताना ती म्हणायची, "काही नाही रे राजा, मुंगी चावली." तेव्हापासून सगळ्यांची ती मुंगीबाईच.

निवृत्त होऊनही तिला ते वाट पाहण्याचे दिवस आठवतात. हल्ली एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाचं काय ते काही आठवड्यांतच कळतं. तेव्हा तिच्या प्रयोगशाळेतली तपासणी नुसती प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला रक्तात तयार होणारी द्रव्यं, दाखवायची, आणि ती तर अशा प्रत्येक बाळाला आईकडून पोटातच मिळालेली असत. बाळाला खरोखर लागण झालीय का, हे अठरा महिने पुरे झाल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नसे.

त्या दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई आली. नवरा गेलेला, राहायची भावाकडे, त्याच्याच दुकानात शिवायची. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, जिला ती चिमणी म्हणायची. मुलीला जन्मल्यापासून सांगितलेलं औषध तिने एकदाही चुकवलं नव्हतं. तरी चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' आलं.

"म्हणजे माझं दुखणं हिला लागलंच."

"तसं नाही गं. चिठ्ठीत दिसली ती तुझ्या रक्तातली राखणदार मंडळी. हिच्या अंगात येऊन मुक्काम ठोकून बसलीत. डॉक्टर तर म्हणतात, कुणी सांगावं, त्यातली काही हिची राखणही करत असतील. हळूहळू आपली आपण जातील."

"आणि नाही गेली तर?"

मुंगीबाईला खोटं बोलवेना. "तर ती हिची स्वतःची, म्हणजे लागण झालीय, असं समजायचं आणि उपचार सुरू करायचे. पण आज ते कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मग एका दुपारी मुंगीबाई उशीचे जुने अभ्रे पिशवीत कोंबून तिच्या दुकानी गेली. गल्ल्यावर तिची वहिनी बसलेली. घरात कुणालाच आजाराचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून अभ्र्यांचं निमित्त. मुंगीबाईला पाहताच बाईचं शिलाई मशीन थांबलं.

"हे उसवलेत, नीट करून हवेत," मुंगीबाई म्हणाली.

वहिनी चहा ठेवायला आत गेली तशी ती बाई कुजबुजली, "तपासणीचा कागद येत नाही तोवर चिमणी बरी आहे, ताई. मला तेवढंच राहू द्या."

"कागद न आणल्याने रक्त बदलत नाही. आणि बरी निघाली तर? न तपासता जन्मभर उगाच जीव टांगणीला लावून बसशील."

बाईने अभ्रा पालथा केला, उसवलेली शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाली, "गुरुवारी देते." आणि हळूच, "येतेही."

ती आली. चिठ्ठी तेव्हाही ठाम काही सांगेना. अठरा महिने पुरे झाल्यावरही आली. तपासणी निगेटिव्ह निघाली. मुंगीबाईचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून तिने पुन्हा केली. तेच. बाई रडली नाही. तिने फक्त बसायला खुर्ची मागितली, आणि चिमणी मात्र बोटावरची पट्टी दातांनी ओढत हसत होती.

पुढे कैक वर्षं बाई स्वतःच्या गोळ्यांसाठी येत राहिली. बाकावरच्या नवख्या आयांना धीरही द्यायची. मग दुकान दुसऱ्या गावी गेलं आणि भेटी थांबल्या. चिमणी आता विशीत असेल. तिला पुन्हा दवाखान्यात यावं लागलं नाही, म्हणून समोरून गेली तरी मुंगीबाई तिला ओळखणार नाही, आणि याचं तिला जराही वाईट वाटत नाही.