पोच घेतली का?

आमच्या जी.एस.वर एखाद्या मुलीला मागणी घालायची वेळ आली असती, तर त्याने ती दोन प्रतींत घातली असती, आणि दुसऱ्या प्रतीवर मुलीच्या वडिलांची सही, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तो त्यांच्या घराचा जिना उतरला नसता. हे मी त्याला तोंडावर म्हणाले होते. त्याने क्षणभर विचार केला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, “शिक्का सगळ्यांच्या घरी नसतो गं, शुभा. सही चालेल.”

जी.एस. म्हणजे जनरल सेक्रेटरी, विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला पुढारी. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात सकाळी सात ते साडेदहा कला शाखेचे वर्ग भरत, आणि त्यांना येणारी मुलं बहुतेक सगळी पुढे कामावर पळणारी. मी बारा वाजल्यापासून एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायची. सुशीला देवनारहून यायची आणि इथून थेट औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. जी.एस. स्वतः विक्रोळीला एका कारखान्यात बदली कामगार होता. अशा मुलांत निवडणूक लढवायला वेळ कोणाला? वर्गप्रतिनिधींच्या बैठकीत सरांनी “जी.एस. कोण होतंय?” असं विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि याने हात वर केला. तो तिसऱ्या वर्षाला होता, मी दुसऱ्या. मला विद्यार्थिनी प्रतिनिधी केलं, तेही माझं अक्षर चांगलं होतं म्हणून.

त्या अक्षराचा त्याने वर्षभर पुरेपूर वापर केला. पिण्याच्या पाण्याची टाकी धुवावी, ग्रंथालय साडेसहाला उघडावं, चार नंबरच्या वर्गखोलीतला पंखा दुरुस्त व्हावा, अशी निवेदनं तो तोंडी सांगायचा आणि मी खाली कार्बन घालून लिहायची. मग आमची वरात आवक-जावकच्या खिडकीशी. मूळ कागद खिडकीतून आत, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का, म्हणजेच पोच. शिक्का कपाटात कुलूपबंद आहे, असं कारकून म्हणाला तर हा किल्ली येईपर्यंत उभा राहायचा, मग तास बुडला तरी बेहत्तर. कार्बनने त्याची बोटं कायम निळी असायची. कोणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं, की त्याचा पहिला प्रश्न एकच: “पोच घेतली का?” मुलं त्याला मागून ‘पोच’च म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. त्यासाठी आम्ही तीन निवेदनं दिली, तिन्हींची पोच त्याच्या पिशवीत. दिवाळी गेली, नाताळ गेला, कडी काही आली नाही. शेवटी एका सकाळी हा घरून कडी, स्क्रू आणि पेचकस घेऊन आला, आणि दहा मिनिटांत त्याने ती बसवून टाकली. आम्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. तो हात झटकत मला म्हणाला, “चल, कागद काढ. लिही, कडी बसवण्यात आली आहे, माहितीसाठी सादर.” त्या पत्राचीही त्याने पोच घेतली.

मी याला वेड समजत होते. मग एकदा त्याच्या घरी गेले. विक्रोळीच्या चाळीत दोन खोल्या, वडील खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांची गिरणी बंद पडली होती. बंद पडण्याआधी खात्यातल्या साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की गिरणी चालू झाली की पहिलं तुला बोलावीन. ते वर्षभर त्या शब्दावर बसून राहिले, दुसरं काम धरलं नाही. त्याच्या आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी न विचारताच म्हणाली, “सायबान तोंडान सांगल्यान, परत घेतंव म्हणान. कागद खंय हा? कागद नाय तर कायच नाय, बाय.” जी.एस. माझ्याकडे न बघता बशीत चहा ओतत होता. त्यानंतर मी त्याच्या पोचेवरून चेष्टा करणं बरंच कमी केलं.

जानेवारीत बातमी फुटली, की संस्थेला सकाळच्या वेळेत त्या वर्गांत इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू करायची आहे. म्हणजे आमचं सकाळचं सत्र बंद. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दुपारच्या वर्गात ‘सामावून घेणार’. दुपारी बाराला मी दवाखान्यात केसपेपर लिहायचे की कॉलेजात बसायचं? सुशीलाच्या घरात तर तिच्याच कामावर चूल पेटत होती. सुशीला एवढंच म्हणाली, “आपली वाट लागली.” जी.एस.चं हे शेवटचं वर्ष. सत्र बंद झाल्याने त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. पण त्या दिवसापासून तो कारखान्यात खाडे करू लागला.

निवेदन आम्ही लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पोच आली, उत्तर आलं नाही. मग पहिल्यांदाच त्याने कागदापलीकडचं काही ठरवलं. फेब्रुवारीत वार्षिक बक्षीस समारंभ होता. त्याला संस्थेचे सगळे विश्वस्त आणि बाहेरचे पाहुणे येत. त्या सकाळी सकाळच्या सत्रातल्या सगळ्यांनी फाटकात बसायचं आणि विश्वस्त समोर येऊन बोलल्याशिवाय उठायचं नाही. एरवी साडेदहाला पळणारी मुलं त्या दिवशी कामावर खाडा करायला तयार झाली. सुशीलाने सुद्धा मुकादमाला पोटात दुखायचं कारण आधीच सांगून ठेवलं. मी त्या आठवड्याइतका आनंदी जी.एस. कधी पाहिला नाही.

समारंभाच्या दोन दिवस आधी प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं. आम्ही पंधरा-वीस जण जिन्याखाली थांबलो. अर्ध्या तासाने तो दोन-दोन पायऱ्या उतरत धावत आला, हातात आमच्या निवेदनाची दुसरी प्रत. “शुभा, बघ! कारकुनाची नाही, प्राचार्यांची स्वतःची सही! आवक क्रमांकासकट!” त्या प्रतीवर हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘निवेदन मिळाले. योग्य तो विचार करण्यात येईल.’ खाली सही, तारीख, गोल शिक्का. प्राचार्यांनी त्याला चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, आता लेखी दिलंय, समारंभात शोभा करू नका.

सुशीलाने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. “पण विचार करणार म्हणजे काय करणार?” ती म्हणाली.

जी.एस.च्या चेहऱ्यावरचा आनंद जरासा हलला, हे मला दिसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्षभर प्रत्येक कागदाच्या वेळी तो शेवटी माझ्याकडे असाच बघायचा: ठीक आहे ना, चालेल ना?

मी म्हणाले, “अगं, लेखी दिलंय ना? मग बस झालं की.”

का म्हणाले? मला फाटकात बसायची भीती वाटत होती. डॉक्टरांच्या ओळखीतले एक विश्वस्त होते, त्यांनी मला तिथे पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. माझं म्हणणं सगळ्यांनी मानलं. मुलं हुश्श करून कामाला पळाली आणि फाटकात बसायचं रद्द झालं.

समारंभ उत्तम झाला. रिवाजाप्रमाणे आभार मानायचं काम जी.एस.चं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्याने विश्वस्तांचे एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, आणि ‘सकाळच्या सत्राच्या प्रश्नावर दाखवलेल्या सहानुभूतीबद्दल’ असं एक वाक्य त्यात घातलं. ते वाक्यही मीच लिहून दिलं होतं. सगळ्यांत जोरात टाळ्या त्याला पडल्या.

परीक्षा संपल्या, मुलं पांगली आणि मे महिन्याच्या सुट्टीत फलकावर सूचना लागली: येत्या जूनपासून सकाळचे सत्र बंद. जी.एस. ती प्रत घेऊन कार्यालयात गेला, मी बरोबर होते. अधीक्षकांनी चष्मा लावून हिरवी शाई नीट वाचली, प्रत घडी करून त्याच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे. केला ना विचार.” जी.एस.ने प्रत पिशवीत ठेवली. तरी तो विद्यापीठात जाऊन आला. तिथेही त्याला पोच मिळाली.

आता फाटकात बसायला मुलं आणायची कुठून? जूनमध्ये आमच्या वर्गांत छोटे निळे गणवेश दिसू लागले. सुशीला पुन्हा आलीच नाही. तिची माझी त्यानंतर एकदाही भेट नाही. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षावर राहिलं, ते आजतागायत तिथेच आहे.

ऑगस्टमध्ये मी कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला गेले. आवक-जावकच्या खिडकीत अर्ज सरकवला आणि आतला हात पाहिला. बोटं निळी होती. तो बी.ए. झाला होता, आणि संस्थेने त्याला त्याच खिडकीवर कारकून म्हणून घेतलं होतं.

“विकलास तू आम्हाला,” मी म्हणाले. मागे रांग होती, मला पर्वा नव्हती.

“घरी कागद आला गं,” तो हळू म्हणाला. “नेमणुकीचा. आईने देवासमोर ठेवला. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी काही लेखी दिलं. काय सांगणार होतो तिला, नको म्हणून?”

“आणि सुशीला? मी? त्या दिवशी तू माघार घेतली नसतीस तर...”

एवढं बोलून मी थांबले, कारण आता तो काय म्हणेल ते मला दिसत होतं. तूच म्हणालीस ना, लेखी दिलंय, मग बस झालं. तेवढंच म्हणायचं होतं त्याने. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हो. माझंच चुकलं.” मग माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याने शिक्का मारून प्रत बाहेर सरकवली. मी ती त्याच्यासमोर फाडली आणि निघून आले. त्याने माझी चूकही आपल्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

हे मला पाच-सहा वर्षं कुरतडत राहिलं. माझं लग्न झालं, मी बोरीवलीला राहायला गेले, मुलगी झाली. एक दिवस मी बसून पत्र लिहिलं. सवयीने खाली कार्बन घातला. ‘त्या दिवशी बस झालं असं मी म्हणाले. भीतीपोटी म्हणाले. चूक तुझी नव्हती, माझी होती.’ एवढाच मजकूर. पोस्टाने पाठवायला मन होईना, म्हणून घाटकोपरला गेले. खिडकीत तोच होता. केस विरळ झालेले, मान खाली. माझ्या पुढे त्या वर्षीचा जी.एस. उभा होता, पाण्याच्या टाकीचं निवेदन घेऊन. आमच्या जी.एस.ने ते वाचलं नाही, शिक्का मारला, प्रत परत केली.

मी दोन्ही कागद आत सरकवले. त्याने मान वर केली नाही. पण हात थांबला. माझं अक्षर त्याच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. निळी बोटं पहिल्या ओळीवर क्षणभर टेकून राहिली. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान “शुभा” म्हणेल, असं वाटत होतं.

त्याने मूळ पत्र ट्रेमधल्या बाकीच्या कागदांवर ठेवलं. वहीत नोंद केली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, क्रमांक घातला, सही केली आणि कागद बाहेर सरकवला.

“पुढचं,” तो म्हणाला.

ती प्रत माझ्या कपाटात आहे. शिक्का सरळ आहे, तारीख स्पष्ट आहे. उत्तर आलेलं नाही.