शिवणकाकूंचा वाफा आणि टाकीतला चोर

बस डेपोच्या मागे पडीक जागा होती. पालिकेने तिचे तुकडे पाडले आणि भाजीपाला लावायला लोकांना देऊन टाकले. जागेला सगळे मळा म्हणू लागले आणि तुकड्याला वाफा. या मळ्यात भाजी पिकते त्याच्या दुप्पट बातम्या पिकतात, आणि बातम्यांना कीडही लागत नाही. त्यातलं निम्मं पीक एकट्या शिवणकाकूंचं.

शिवणकाकू म्हणजे बाजारातल्या शिंपीणबाई. अर्ध्या वस्तीची मापं त्यांना तोंडपाठ. कोणाचं पोट कोणत्या वर्षी सुटलं, हे त्या न विचारता सांगत. नवरा गेला, डोळे थकले, तसं दुकान बंद करून त्या मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्या. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. पण त्या घरात मिठाचा डबा कुठे असतो हेही काकूंना विचारावं लागे. वाफ्यावर मात्र त्यांचं राज्य. घेवड्याच्या ओळी मशीन मारल्यासारख्या सरळ. टोमॅटोला काठी बांधताना पुटपुटत, "हलू नकोस मेल्या, फिटिंग चाललंय."

शेजारच्या वाफ्यावरच्या बेकरीवाल्याने एकदा प्रेमापोटी काकूंच्या वाफ्यातलं तण उपटलं. ते निघालं गाजर. त्या दिवसापासून काकूंनी कायदाच केला, की माझ्या वाफ्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. कायद्याला जोर यावा म्हणून वाफ्याभोवती घोट्याइतक्या उंचीवर सुतळी ताणली. त्या सुतळीत पहिलं माणूस अडकून पडलं, ते म्हणजे काकू स्वतः.

घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर.

"आई, आता पुरे झालं," मुलगा म्हणाला. "वाफा सोडून दे. वय झालंय तुझं."

"वय माझं झालंय. घेवड्याचं नाही."

तोंडाने फटकारलं खरं, पण वाफा हातचा जाईल ही धास्ती होतीच. मळ्याचा नियम कडक. उन्हाळ्याच्या तोंडावर सेक्रेटरी फेरी मारत, आणि ज्या वाफ्यात उगवलेलं काही दिसणार नाही तो रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळे. रांगेतली माणसं काकूंच्या घोट्याची विचारपूस जरा जास्तच आपुलकीने करत होती. आणि सेक्रेटरी कोण, तर निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. सर इतके नियमाचे, की एका वर्षी त्यांनी स्वतःच्या बायकोचाच वाफा काढून घेतला. तेव्हापासून त्यांना घरी चहात साखर मिळत नाही, अशी बोलवा आहे.

सर भेटायला आले. "बाई, वाफ्यावर कोणाला पाठवू का?"

"मुळीच नको. कोणी हात लावलेला मला खपणार नाही, सगळ्यांना सांगून ठेवा. जमिनीत ओल आहे, तग धरेल तो."

सर गेल्यावर काकू छताकडे बघत पडून राहिल्या. पंखा गरगरत होता आणि त्यांना घेवडा सुकताना दिसत होता.

मग बातमी आली. आणली बेकरीवाल्याने, गरम पावासोबत.

"काकू, मळ्यात चोर शिरलाय."

"अगंबाई! काय नेलं?"

"पाणी. टाकी पहाटे भरतात, संध्याकाळपर्यंत पुरायची. आता दुपारीच तळ दिसतो."

काकूंचं दुखणं अर्धं तिथेच पळालं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाफ्यावरची नर्सबाई आली. तिने रक्तदाब मोजला आणि आवाज खाली आणला. "काकू, माझा संशय बेकरीवाल्यावर आहे. इतक्या पहाटे त्याचं मळ्यात काय काम?"

"पिठात घालत असेल मेला. पाव हल्ली ओलसर लागतोच." काकूंनी रक्तदाबाचा पट्टा सोडणाऱ्या तिच्या हाताकडे पाहिलं. "आणि माझ्या वाफ्याचं काय गं?"

"तुमच्या वाफ्याकडे मी बघतसुद्धा नाही!" नर्सबाई इतक्या घाईने म्हणाली, की काकूंना ते लागलं. बेकरीवाल्याचंही तेच उत्तर. सरांनी तर खिडकीबाहेर बघत सांगितलं, "नियम तो नियम." काकू मनातून खट्टू झाल्या. एवढ्या वर्षांचे शेजारी, आणि एकानेही वळून बघू नये? कायदा आपणच केला होता, हे त्या सोयीस्कर विसरल्या.

प्लास्टर सुटलं त्याच दिवशी सुनेचा हात धरून, काठी टेकत काकू मळ्यात पोचल्या. बेकरीवाला आणि नर्सबाई आपापल्या वाफ्यांत एकदम कामाला लागले.

काकूंचा वाफा सुकला नव्हता. वाफ्याचं डबकं झालं होतं. घेवडा पिवळा पडून आडवा, टोमॅटो बुंध्याशी कुजलेले, आणि मधोमध एक बेडूक घरजावयासारखा निवांत बसलेला.

काकू ओरडतील म्हणून सगळ्यांनी मान खाली घातली. काकू ओरडल्या नाहीत. पालथ्या बादलीवर हळूच बसल्या. फेरी आठवड्यावर आली होती.

"टाकीतला चोर सापडला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "नाव सांगा."

बेकरीवाला कान खाजवत पुढे आला. "पहाटे भट्टी आटोपली की एकच झारी, काकू. शपथ. हात नाही लावला, नुसतं पाणी."

"तूही?" नर्सबाईने आ वासला. "अरे, मी रोज ड्युटी सुटल्यावर घालत होते!"

काकूंना आपल्या कोपराशी हालचाल जाणवली. सूनबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "आई... बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत मी यायची. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

तेवढ्यात फाटकातून सर आले. काकूंना बघताच त्यांनी हातातलं काहीतरी पाठीमागे नेलं. पाठीमागून त्यांच्या पँटवर धार लागली.

"या सर," काकू म्हणाल्या. "पाणीचोरीची चौकशी कुठवर आली?"

सरांनी झारी पुढे घेतली. "नियमात... पाणी घालू नये असं कुठे नाही."

"अहो, पण एकानेही मातीला बोट लावून बघितलं नाही? ओली आहे की कोरडी, कळलं असतं!"

"हात लावायला तुम्हीच मनाई केली होती ना," बेकरीवाला काकुळतीने म्हणाला.

चौघं एकमेकांपासून लपूनछपून आली होती, काकूंचा शब्दही पाळला होता, आणि म्हणूनच हे डबकं झालं होतं. रागवायला बसावं, तर आधी स्वतःवरच रागवावं लागणार.

"मारा आजच फेरी, सर," त्या म्हणाल्या. "काढा माझं नाव. मला आता वाकताही येत नाही."

"तारखेआधी मी फेरी मारत नाही," सर म्हणाले. मग घसा खाकरून पुढे म्हणाले, "मुळा चार दिवसांत वर येतो, बाई."

काकूंनी बेडकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप चुकलं हे कबूल करायलाही त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

"लावा हात," त्या शेवटी म्हणाल्या. "बघता काय? लावा!"

बेकरीवाल्याने पाण्याला वाट करून दिली. कुजकं सगळं नर्सबाईने उपसलं. सरांनी आपल्या वाफ्यातली कोरडी माती घमेल्याने आणून टाकली. दोन दिवस उन्हं खाऊन माती भुसभुशीत झाल्यावर सुनेने वरंबे घातले आणि मुळ्याचं बी टाकलं. काकू बादलीवर बसून हुकूम सोडत होत्या. "खोल नको, ते बी आहे, गुप्तधन नाही!"

फेरीच्या सकाळी वरंब्यांवर दोन-दोन पानं वर आली होती. दाट कुठे, विरळ कुठे, आणि ओळी तर अशा, की दारू पिऊन कोणी शिवण मारावी. रांगेतला पहिला माणूस सरांच्या मागोमाग फिरत होता. "सर, याला काय पीक म्हणायचं?"

सरांनी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसले, एका पानाला बोट लावून पाहिलं. "उगवलंय," ते म्हणाले आणि पुढच्या वाफ्याकडे वळले.

काकूंनी सोडलेला श्वास बेकरीवाल्याला पलीकडे ऐकू गेला.

मंडळी पांगल्यावर सून चप्पल बाजूला काढून वरंब्याशी बसली. दाट उगवलेली रोपं विरळ करताना तिने विचारलं, "आई, मुळा निघाला की पुढे काय लावायचं?"

काकूंच्या जिभेवर घेवडा आलाच होता. तो त्यांनी गिळला.

"तुला काय आवडतं?"

सून मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागली. हा प्रश्न तिला नवीन होता. "भोपळा," ती म्हणाली.

"भोपळा! अगं, सगळा वाफा खाऊन टाकेल तो. वर बेकरीवाल्याच्या वाफ्यातही घुसेल."

"मग राहू दे."

काकूंनी बेकरीवाल्याच्या वाफ्याकडे नजर टाकली. तो पाठमोरा होता.

"राहू दे काय? लाव. त्याच्याच बाजूने लाव."