हातखंब्याच्या चढावरची राही

राहीला डाव्या कानाने कमी ऐकू येई. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून महिपतने जी थप्पड दिली, ती त्या कानावर बसली होती. उजवा कान मात्र दोन्ही कानांचं काम करी. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडता निवडता ती मध्येच मान वर करायची आणि म्हणायची, "आले. आज पट्टा घसरतोय." शेजारणी हसायच्या. पण तेवढ्यात वळणावरून महिपतची फटफटी खरंच चीं-चीं करत, धापा टाकत खाली उतरायची.

महिपत पूर्वी मुंबईच्या आगबोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा लोटायचा. तिथे एकाचं डोकं फावड्याने फोडलं आणि घरी परतला. रस्त्याच्या कामावरचा एक साहेब विलायतेला जायला निघाला होता. त्याची जुनी फटफटी महिपतने घेतली. साहेबाने तिच्यावरून कारवारपासून नाशिकपर्यंत मुलूख पालथा घातला होता, त्यामुळे ती हाती आली तीच म्हातारी होऊन. बाजूच्या बैठकीची गादी महिपतने उपटून टाकली आणि तिथे सागवानी पेटी बसवली. पेटीत मासळी, मागे राही, अशी ती दोघं बंदरावरून हातखंब्याच्या बाजाराला जात. हे सन चौतीसचं.

त्या म्हाताऱ्या यंत्राची दुखणी तरी किती! दमट हवेत ठिणगी धरायची नाही. प्लगवर काजळी चढायची. चामडी पट्टा ओला झाला की जागच्या जागी घसरायचा. तेलाचा पंप हाताने दाबायचा विसरला की आतून करकर सुरू व्हायची. महिपतचा राग आधी यंत्रावर निघे. लाथा, शिव्या, एकदा तर दिवाच फोडला. यंत्राला काही वाटत नाही असं दिसलं की तो राहीकडे वळे. फटफटी बिघडली की मार राहीला बसायचा, म्हणून राही फटफटी शिकली. ठिणगी देणाऱ्या डब्याला तिने मेणकापडाचं टोपडं शिवलं. प्लग ती घासलेटात बुडवून जुन्या सुईने खरवडी. पट्ट्यावर राळेची पूड भुरभुरवी, म्हणजे तो घट्ट धरी. कुठलाही पाना महिपतने मागायच्या आत ती त्याच्या हातात ठेवी. एखादी बाई तापट सासऱ्याच्या ताटाकडे जशी नजर लावून बसते, तशी ती त्या यंत्राकडे बघायची.

या घरातल्या रागाला बाहेरही एक गिऱ्हाईक होतं, बाबल्या गाडीवान. फटफटी यायच्या आधी बंदरावरची मासळी त्याच्याच बैलगाडीतून वर जात असे. धंदा गेला तसा तो चिडला आणि एका सकाळी त्याने कोयत्याने फटफटीचा पट्टा कापला. महिपतने त्याला भर बाजारात गाठून त्याचे पुढचे दोन दात पाडले. पुढे बाबल्या घाटावरून आलेल्या गुळाच्या ढेपी हातखंब्याहून रत्नागिरीला आणू लागला. तरी वाटेत गाठ पडली की त्याची जीभ वळवळायचीच. "काय महिपतशेट, घोडी व्याली काय? रस्त्यात बसलीय ती!"

त्या वर्षी कार्तिकात टाकीची शिवण उसवली. पेट्रोल थेंब थेंब गळायला लागलं. कासाराने झाळायला साफ नकार दिला. "पेट्रोलाची टाकी नि माजी आग! मना काय जीव नकोसा झालाय?" महिपत दोन दिवस घरात वाघासारखा फिरत होता. तिसऱ्या दिवशी राहीने धीर करून सांगितलं, "अवो, माजा बाबा दाभोळात होड्या करतो. फळीला फट पडली तर राळ नि मुशी माशाचं तेल कढवून आतून फिरवतो. थेंब येत नाय. टाकी ती काय, उलटी होडीच की."

महिपतने तिच्याकडे बघितलं. मारायला हात उचलतो की काय असं वाटून तिने उजवा कान झाकला. पण त्याने टाकी सोडवली. राहीने राळ कढवली, गरम गरम आत ओतली, आणि दोघांनी टाकी चारी बाजूंना कलती करून ती आतून फिरवली. उन्हात सुकवली. गळती थांबली! संध्याकाळी बंदरावर महिपत चारचौघांत म्हणाला, "माज्या बायकोची अक्कल हाय ही." लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असं तिने पहिल्यांदाच ऐकलं. ते वाक्य ती रात्रभर आठवत राहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पेटी सुरमई-बांगड्यांनी भरून दोघं निघाली. कुवारबावपर्यंत फटफटी ठीक चालली. मग ती खोकली. चढ लागला तशी धापा टाकू लागली आणि हातखंब्याच्या अलीकडच्या मोठ्या चढावर, दुपारच्या उन्हात, पार गप्प झाली. थोडा वेळ थांबून किक मारली की सुरू व्हायची, चार हात जायची, पुन्हा गप्प.

"प्लग," महिपत म्हणाला. राहीने प्लग काढला, यंत्राच्या अंगाला टेकवून धरला. त्याने किक मारली. ठिणगी निळी, चांगली टपोरी.

"ठिणगी हाय. म्हंजे पेट्रोल पोचत नाय."

महिपतने कारबेटरचं भांडं सोडवलं आणि तो तसाच थांबला. भांड्याच्या तळाशी तपकिरी, चिकट चिखल बसला होता. त्याने बोटाने उचलला. बोटाला तार आली.

"गूळ," तो हळूच म्हणाला. महिपत हळू बोलला की राही एक पाऊल मागे सरायची. "काल सांजेला बंदरावर कोण उभा होता गाडीपाशी?"

बाबल्या उभा होता. राहीनेही बघितला होता.

नशीब असं की त्याच वेळी वरून घुंगरांचा आवाज आला. चढावरून बाबल्याची गाडी उतरत होती, गुळाच्या ढेपींनी भरलेली. रस्त्यात बसलेली फटफटी बघून त्याला राहवलं नाही. "अरे, बैलाला चारा घातला तर चालतो तरी! हिला काय घालतोस रे महिपत?"

"तू काय घातलंस ते सांग!" महिपतने पेटीतला जुना, झिजलेला पट्टा उचलला आणि पहिला फटका बसेपर्यंत बाबल्याला कळलंच नाही. दुसऱ्या फटक्याला तो गाडीवरून खाली आला. चामड्याचा जाड पट्टा तो, पाठीवर बसला की सदरा फाटून मांस दिसे. बाबल्याने दगड उचलून महिपतच्या कपाळावर मारला. रक्त आलं. त्या रक्ताने महिपत आणखी पिसाळला. त्याने बाबल्याला पाडला, छातीवर गुडघा दिला, तोंडावर ठोसे मारले आणि लाथांनी बरगड्या ठोकल्या. बरगडी मोडल्याचा आवाज राहीच्या चांगल्या कानाने ऐकला.

"नाय घातला गूळ! देवाच्यान!" बाबल्या रक्त थुंकत ओरडत होता.

राही फटफटीपाशी उभी होती. महिपतने टाकून दिलेलं भांडं तिने उचललं होतं. गूळ एवढा लवकर पेट्रोलात विरघळतो का, असा काहीतरी विचार तिच्या डोक्यात आला. तिने त्या चिखलाचं बोट जिभेला लावलं.

गोड नव्हतं. कडू होतं. आणि वास मुशीच्या तेलाचा.

पेट्रोलाने राळ विरघळवली होती. होडीला बाहेर पाणी असतं, टाकीच्या आत पेट्रोल. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. चारचौघांत मिरवलेली तिचीच अक्कल भांड्याच्या तळाशी बसली होती. हे महिपतला कळलं तर तो पट्टा तिच्या पाठीवर येणार. आणि नाही कळलं तर?

तिने वर बघितलं. महिपतने बाबल्याला फरफटत गाडीपाशी नेलं होतं आणि कासऱ्याने त्याचा हात चाकाच्या आऱ्यांना बांधत होता. बाबल्याचा अर्धा देह चाकाला चिकटून खाली लोंबत होता. आता महिपत बैलांच्या बाजूला जाऊन चाबूक उचलत होता.

"अवो!" राही ओरडली. "सोडा त्याला! गूळ नाय तो!"

"गप बस."

"राळ हाय! आपली राळ! चाखून बघा! मी सांगितलेली राळ पेट्रोलात विरघळली!"

महिपत थबकला. त्याच्या कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग बैलांकडे. आणि राहीला स्पष्ट दिसलं की त्याला खरं कळलंय, पण आता कळून उपयोग नाही. त्याचा हात थांबायला तयार नव्हता. चाबूक बैलाच्या पाठीवर पडला. बैल दचकून पुढे झाले, चाक अर्धं फिरलं, बाबल्याचा खांदा निखळला आणि त्याने जी किंकाळी फोडली तिने वरच्या आंब्यावरचे कावळे उठले.

चाबूक पुन्हा वर गेला. राहीच्या हातात मोठा पाना होता. हातात कधी आला, तिलाही कळलं नाही. तिने तो दोन्ही हातांनी महिपतच्या मनगटावर हाणला. चाबूक खाली पडला. तो तिच्याकडे वळला, डाव्या हाताने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं गाडीच्या जूवर आपटलं. तिला अंधारी आली. तरी तिने पाना सोडला नाही. दुसरा घाव त्याच मनगटावर बसला. या वेळी हाड मोडलं. महिपत गुडघ्यांवर बसला आणि मोडलेला हात पोटाशी धरून विव्हळू लागला.

राहीने आधी बैलांची वेसण धरून त्यांना थांबवलं, मग बाबल्याला सोडवलं. त्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता.

"बाबलदादा, जागा राहा. बैलगाडीनं संध्याकाळ होईल."

"वयनी, मी मरतंय."

"मरायचं असेल तर दवाखान्यात मर. इथं नाय."

तिने पेटी रिकामी केली. सुरमया धुळीत लोळल्या. टाकीतलं सगळं पेट्रोल रस्त्याच्या कडेला ओतून टाकलं, राखीव डब्यातलं नवं भरलं. राळ आत होतीच, ती या पेट्रोलातही उतरणार होती. पण हळूहळू, आणि पुढे उतारच जास्त. कारबेटरचं भांडं पदराने पुसलं. बारीक भोक बुजलं होतं. पेटीला बांधलेल्या खराट्यातला हीर काढून तिने तो त्यातून आरपार फिरवला आणि फुंकर मारली. तोंडात राळ आणि पेट्रोल आलं. थुंकली. भांडं चढवलं. फटफटीचं तोंड रत्नागिरीकडे वळवलं. बाबल्याला पेटीत घातलं.

महिपत खालूनच म्हणाला, "तुला चालवता येत नाय."

"मागं बसा."

"राही, पडशील. तिघंही मरू."

"बसता की ठेवून जाऊ इथं?"

तो बसला. राहीने उतारावर गाडी सोडली, पट्ट्याने धरलं, यंत्र एकदा खोकलं आणि धडधडलं. तिला गेर बदलता येत नव्हते, म्हणून खालच्याच गेरमध्ये ती कानठळ्या बसवत सुटली. कुवारबावजवळ यंत्र धापा टाकायला लागलं तेव्हा तिने थांबवून भांडं पुन्हा उघडलं, हीर फिरवला, चढवलं. बाबल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

"तेल द्या!" ती ओरडली. करकर तिच्या कानाने आधीच पकडली होती. महिपतने मागून वाकून, डाव्या हाताने पंप दाबला. बाजाराच्या वाटेवर मागे बसून हेच काम तिने वर्षानुवर्षं केलं होतं. आता ते तो करत होता आणि दर खड्ड्याला ओरडत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबल्याला आत नेलं. वाचेल म्हणाले, बरगड्या तीन गेल्या. महिपत बाकावर बसला होता. तेवढ्यात पोलीस ठाण्यातला हवालदार आला.

"गाडी उलटली," महिपत आपणहून म्हणाला. "चढावर उलटली. तिघंही पडलो."

हवालदाराने मान हलवली. त्या चढावर गाड्या नेहमीच उलटायच्या. आतून, पडद्यामागून, बाबल्याचाही आवाज आला, "व्हय, उलटली." घाबरला होता बिचारा. उद्या परत याच रस्त्याने गाडी हाकायची होती त्याला.

राहीच्या कपाळावरचं रक्त सुकून खपली धरत होती. हे सोपं होतं. मान हलवायची आणि घरी जायचं. महिपतचा हात बरा होईपर्यंत घरात शांतता. नंतर? नंतर जो हात बरा होईल तो आज थांबला नाही तोच हात. आणि बाबल्या गुळाच्या ढेपी घेऊन पुन्हा त्याच चढावरून उतरणार.

"उलटली नाय," ती म्हणाली. "यांनी त्याला पट्ट्यानं मारलं. चाकाला बांधून बैल हाकले. यांचा हात मी मोडला. पान्यानं."

महिपत बाकावरून उठला. "गप बस गो!"

"खाली बसा," हवालदार म्हणाला. मग राहीकडे बघून, जरा अवघडून, "बाई, नाव लागेल. नवऱ्याचं पूर्ण नाव. तुम्हीच सांगाल, की दुसऱ्या कुणाला बोलावू?"

मिरकरवाड्यात बायका नवऱ्याचं नाव उखाण्यात घेत. तेही हळदीकुंकवाला, लाजून, पदर तोंडाशी धरून. राहीने आजवर तेवढंही घेतलं नव्हतं. तिने तोंडातली राळेची कडू चव गिळली आणि समोर बघितलं.

"महिपत लक्ष्मण भाटकर," ती म्हणाली. हवालदाराला नीट ऐकू गेलं नाही असं वाटून तिने पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.