पेट्रोलचा कॉक

बैलांच्या पटावर, म्हणजे शर्यतींवर, बंदी होती तेव्हाची गोष्ट. वडशाजवळच्या आमच्या गावात हिवाळ्यात पट नाही म्हणजे पाहुणे नाहीत, आणि पाहुण्यांवाचून नाटकाचा मांडवही ओका. म्हणून आम्ही पोरांनी त्याच मैदानावर मोटारसायकली पळवायचं ठरवलं.

माझ्या दोस्ताची गाडी जुनी, माझी कोरी करकरीत. तरी गाव बघायचं त्याच्याकडेच. माझा नुसता जळून कोळसा. पहिल्या फेरीत मी त्याच्या पुढे होतो, खरंच होतो! अर्ध्यात गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद. पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवायची माझी कंजूष सवय. तो उघडायचाच राहिला होता.

"काऊन बावा, बैल मुतायले थांबला का?" कोणीतरी ओरडलं. सगळ्यात मोठ्यानं दोस्तच हसला.

शेवटच्या फेरीला तो निघाला तेव्हा मी कडेला उभा राहून पुटपुटत होतो, "पड लेका, पड."

पटात रेषेपलीकडे माणसं हात पसरून उभी असतात, "हो हो" करत जोडी थोपवतात. त्या दिवशीही सवयीनं तशीच उभी राहिली. बैल माणूस पाहून थबकतो. मोटारसायकल कशाला थबकते? त्यांना चुकवायला तो वळला, आपटला आणि जागीच गेला. गाडीखाली येऊन बैल थोपवणारे एक म्हातारे भाऊही गेले.

आता पट पुन्हा भरतो. रेषेपलीकडे कोणी उभं राहत नाही. बैल धावत धावत थेट शेतात, धानाच्या बांधीत शिरतात. पहिल्या जोडीला दोस्ताच्या नावाचा कप. माझं टक्कल पडलं, पोट सुटलं. तो फोटोत अजून तसाच. माझी बायको त्याला हार घालताना पदर सारखा करते. मेला तरी पुढेच!

वर गाव मला शहाणा म्हणतं, मी समजून-उमजून थांबलो म्हणे. मीही कधी नाही म्हटलं नाही. यंदा त्याच्या आईपाशी मात्र बोलून गेलो, "माय, मी थांबलो नोहतो. गाडी बंद पडली होती."

"मालूम आहे मले. कॉक ना? दोन फेऱ्यांच्या मधात पानी प्यायले घरी आला, तवा त्यानंच सांगतलं. लय हासला तुह्यावर. मंग गेला तो गेलाच."

'पड'चं सांगायचं राहिलं होतं. ते ओठांवर आलंही, पण तिनं पाण्याचा गडवा पुढे केला. मी गटागट प्यालो.