नाव राहू द्या, मॅडम

प्रेरणा लहानपणापासून भित्री. घरात कुणी रागावलेलं नसलं, नुसतं पिंपाचं झाकण जोरात पडलं तरी ती दचकायची. शाळेत उत्तर येत असूनही तिनं कधी हात वर केला नाही. अशी पोरगी बी.ए.ला तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिलाही नाही. बी.एस्सी.च्या यादीत नाव लागलं नाही आणि खिडकीतला कारकून म्हणाला, "या दोन विषयांना जागा हायेत, घेती का?" मागं रांग होती. नाही म्हणायचीही तिला भीती वाटली.

गाव फुलंब्रीच्या पुढं. वडील पुंडलिक स्वतःची शेती बघून डेअरीची दूध संकलनाची गाडी चालवायचे. आई रत्नमाला अंगणवाडीत मदतनीस. प्रेरणा रोज सकाळच्या एसटीनं शहरात यायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची.

नीतिशास्त्र शिकवायला खुशनुमा मॅडम होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक. वर्गात बाराच जण. मॅडम नोट्स देत नसत. प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. "घाई नाही, सोचो," म्हणायच्या. पहिले तीन महिने प्रेरणाला त्या शांततेचीच धास्ती होती. मग एकदा तिच्या तोंडून आपोआप उत्तर निघालं, मॅडमनं मान हलवली, आणि बसमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज आपण बोललो.

दुसऱ्या वर्षी मॅडमनं निबंध सांगितला. चूक आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे करतात, अशी आपल्या आसपासची एक गोष्ट लिहा.

प्रेरणानं गावातली पंगत लिहिली. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या दिवशी गावचे पुढारी आप्पासाहेब यांच्या मळ्यात सगळं गाव जेवायला होतं. जेवण झाल्यावर एकेकाच्या हातात नारळ देऊन शपथ घेतली, मत आपल्यालाच. तिनं लिहिलं, 'ज्याला जेवू घालून शपथ घातली, त्याचं मत त्याचं राहिलं का? माझे वडील त्या दिवशी बुंदी वाढत होते. मीही जेवले.'

मॅडमनं निबंध दोनदा वाचला. "भित्तिपत्रकावर लावू या. पण तुझं नाव आणि गाव काढते."

"नाव राहू द्या, मॅडम," प्रेरणा म्हणाली. आजवर तिचं नाव कुठल्याच भिंतीवर लागलं नव्हतं.

"नक्की? एकदा विचार कर."

"राहू द्या."

चौथ्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिचा फोन सारखा थरथरायला लागला. गावचा शिवराज त्याच कॉलेजात कॉमर्सला होता. त्यानं भिंतीवरच्या निबंधाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली, आप्पासाहेब उभे होते. फोटोखाली एकामागून एक मजकूर येत होता. 'बापाला चोर म्हणायला कॉलेजात घातली का?' 'जेवली तवा गोड लागलं.' 'पुंडलिकला विचारा आता.'

चौक्याच्या घाटात बस हळू झाली. ती इथंच बंद पडावी असं प्रेरणाला वाटलं. फोन पर्समध्ये टाकला तरी त्याची थरथर मांडीला कळत होती. फाट्यावर उतरली तर चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबलं. घरापर्यंतची वाट ती जवळजवळ पळत गेली.

वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि उठून गाडीकडं गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिनं वाढलेलं खाल्लं, ताट सरकवलं, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांचं बोलावणं आलं. प्रेरणा आईला घेऊन गेली. आप्पासाहेबांनी चहा मागवला, तिला खुर्ची दिली. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाळा, तू लेकरू. तुझ्या डोक्यातलं नाय हे. ती कोन खुशनुमा मॅडम हाय, तिनंच लिवून घेतलं ना?"

प्रेरणा चहाच्या कपाकडं बघत राहिली.

"दोन ओळी लिवून दे. मॅडमनी सांगितलं म्हून लिवलं. आपन कॉलेजला पाठवू. विषय संपला. तुझी आई अंगनवाडीत हाय, बाप गावात दूध गोळा करतो. समद्यांना इथंच राहायचंय." त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या संध्याकाळपर्यंत आन."

रस्त्यात रत्नमाला एकदाच बोलली. "लई गोड बोलला गं."

त्याच दिवशी कॉलेजात गेल्या गेल्या प्रेरणानं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम धीर देतील, काहीतरी मार्ग काढतील असं तिला वाटलं होतं. मॅडम बाकावर बसल्या. हातातला डस्टर त्यांनी तीनदा इकडून तिकडं ठेवला. प्राचार्यांनी त्यांना सकाळीच बोलावलं होतं आणि भित्तिपत्रक उतरवलं गेलं होतं.

"लिहून दे," त्या म्हणाल्या.

"पण ते खोटं हाय मॅडम."

"माहीत आहे. तुला त्या गावात राहायचंय, बेटा. मी दुसरीकडं तास शोधीन." त्या हसायला गेल्या, पण हसू जमलं नाही. "माझ्यावर असलं पहिल्यांदा नाही आलेलं. मला फक्त एवढंच वाटतं की माझ्या नावावरून याचं भलतंच काही होऊ नये."

आजवर प्रेरणाला वाटायचं की भीती आपल्यालाच वाटते. शिकलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसांना नाही. मॅडमना घाबरलेलं पाहून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. आता धरायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही. दुपारी पोरं घरी गेल्यावर ती आईच्या अंगणवाडीत खाली बसून लिहायला लागली. पहिला कागद मॅडमच्या नावाचा लिहिला. आप्पासाहेबांनी सांगितलं तसाच. अक्षर सुरेख आलं होतं. तो तिनं एकदा वाचून बघितला. आई खिचडीचं पातेलं घासत होती.

"आई, दुसरं काय लिवलं तर तुझं काम जाईल का?"

"जाईल, नाय तर नाय जानार. मला काय म्हाईत." रत्नमालानं हात थांबवले नाहीत. "तुला लिवायचं ते लिव. पन लवकर लिव. भीतीनं पोट दुखायलंय माझं."

प्रेरणानं तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

संध्याकाळी ती निघाली तर वडील चप्पल घालून दारात उभे. काही न बोलता तिच्या पुढं चालायला लागले. आप्पासाहेबांच्या ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. प्रेरणानं कागद पुढं केला. आप्पासाहेब म्हणाले, "तूच वाच. समद्यांना कळू दे."

प्रेरणानं कागद उघडला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "हा निबंध मीच लिहिला. मॅडम म्हणाल्या होत्या की नाव काढू. मी काढू दिलं नाही. वडिलांना न विचारता त्यांचं लिहिलं, त्याबद्दल त्यांची माफी मागते." शेवटची ओळ तिनं कशीबशी पुटपुटली, "बाकी लिहिलंय ते खरं आहे."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं न बघता विचारलं, "पुंडलिक, काय म्हनती ही? खरं हाय का?"

पुंडलिकनं टोपी काढून हातात घेतली. "वाढायला व्हतो मी. बुंदी माझ्याकडं व्हती." जरा थांबून म्हणाले, "तुमीच दिली व्हती माझ्याकडं, आप्पासाहेब."

कुणीतरी खोकलं. आप्पासाहेब उठून आत गेले. घरी येताना वडिलांचा हात प्रेरणाच्या खांद्यावर होता.

आप्पासाहेब निवडून आले. महिन्याभरात रत्नमालाविरुद्ध अर्ज पडला की मदतनीस वेळेवर येत नाही. चौकशी आठ महिने चालली. टपालवाला गल्लीत दिसला की माय-लेकी एकमेकींकडं बघायच्या. शेवटी त्यातून काही निघालं नाही. पुंडलिकची गाडी मात्र डेअरीनं दुसऱ्याला दिली. ते आता शहराजवळ बजाजनगरात एका कंपनीची बस चालवतात आणि रविवारी गावी येतात. मॅडमना पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत. मुलं कमी आहेत असं कारण सांगितलं. तेवढंच खरं होतं की आणखी काही होतं, हे प्रेरणाला कधी कळलं नाही. ती त्यांच्या घरी गेली तेव्हा मॅडमनं तिला शिरखुर्मा वाढला आणि सध्या काय वाचतेस एवढंच विचारलं.

प्रेरणा आता विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. करते आणि शहरातच गारखेड्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. ती धीट झाली असं म्हणवत नाही. चर्चासत्रात बोलायच्या आधी अजून सगळं वहीत लिहून घेते, मग उठते. अनोळखी नंबर आला की उचलत नाही. आधी आईला फोन लावते आणि विचारते, "तिकडं सगळं ठीक हाय ना?"