मला दूध न देणारा मामा

दूध विकून ज्याचं घर चाललं, त्या माणसानं मला मात्र शेवटपर्यंत पेलाभर दूध दिलं नाही. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा कट्टा होता. संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाचा पेला तसाच कोमट हातात द्यायचा. लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत. आवाज असा, की शेजारच्याशी बोलला तरी पलीकडच्या गल्लीला वाटावं, भांडण लागलं.

माझा बायपास झाला तेव्हाची गोष्ट. मी जन्मभर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर वाहिलेला माणूस. आमच्यात अंगात ताकद भरायची म्हणजे म्हशीची धार प्यायची, दुसरं औषध नाही. घरी बिनतेलाच्या भाजीला विटलो होतो. एका संध्याकाळी देवळात जातो म्हणून सांगितलं आणि थेट कट्टा गाठला. मामानं मला बघितलं आणि पेला पालथा घातला.

"तुला न्हाय."

"पैसे देतोय की! फुकट मागतोय व्हय?"

"सोनं दे न्हायतर मोती दे. आत नवीन नळ घालून आलायस, त्यात लगेच साय वतू व्हय? चल, घरला जा."

चार माणसांत सांगितलं. लोक हसले. मी तिथून निघालो तो रागानंच, पण गल्ली चढताना भिंतीला हात लावत, थांबत थांबत चाललो. ते मामानं मागून बघितलं.

छातीचं कापलेलं हाड जुळलंय, आता रोज चाला, असं डॉक्टरांनी सांगून महिना झाला होता. घरात विषय निघाला की मी गुरकावायचो, "बागेत फेऱ्या मारायला मी काय रिकामटेकडा आहे?" पण खरं कारण वेगळं होतं. चालताना छातीत जरा धडधडलं की वाटायचं, आता टाका उसवला, आता खेळ संपला. अशानं मी अंथरुणाला कायमचा चिकटलो असतो. आणि हे बायकोला सांगायचं? आपल्याच्यानं ते होणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात उभा. हातात म्हशीचं दावं.

"वैनी, आप्पाला जरा लावून द्या. माझा गुडघा धरलाय. म्हातारीला पाण्यावर न्यायला माणूस न्हाय."

म्हातारी म्हणजे त्याची सगळ्यांत जुनी म्हैस. बायको घाबरली. आतून मीही. पण दारात येऊन एक माणूस काम सांगतोय आणि मी नाही म्हणू? दावं घेतलं.

म्हातारी कुणाला ओढायची नाही आणि कुणी ओढलेलं खपवून घ्यायची नाही. ती थांबली की मी थांबायचो. रिक्षावाल्याला हात कर, शाळेच्या पोरांना बाजूला घे, असं करत पंचगंगेवर पोचलो. ती पाण्यात शिरली, मी घाटावर टेकलो आणि मग ध्यानात आलं, वाटेत छातीची आठवणच झाली नाही.

तेव्हापासून ते माझं कामच झालं. मामाला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं. गोळ्यांना तो चुरमुरे म्हणायचा. पण "चुरमुरं खाल्लास का?" असं विचारल्याशिवाय त्यानं एकदाही दावं हातात दिलं नाही.

एकदा मी गोठ्यात तंबाखू मळत होतो. मामा ओरडला, "ए! तुझ्या तोंडाला वास आला तर म्हातारी पान्हा चोरती, दूध वर वढून धरती. माझं गिऱ्हाईक तोडतोस व्हय?" म्हशीपायी म्हणून मी तंबाखूची चंची टाकली. दिवस कठीण गेले. घरात सगळ्यांवर खेकसलो, पण टाकली ती टाकली. पुढं मामानं धारेला नवा गडी ठेवला. त्याचा गाल तंबाखूनं फुगलेला, आणि म्हातारी आपली बादली भरतेय!

"मामा, ही तर पान्हा चोरत न्हाय!"

"न्हायच चोरत."

"मग मला का बनवलास?"

"डॉक्टर सांगून दमला, वैनी रडून दमली. तू म्हशीचं ऐकलास. मी काय करू?"

पुढं मामाचा गुडघा खरोखरच गेला. लेकीनं त्याला राधानगरीकडं, तिच्या गावी नेलं. म्हातारीही टेम्पोत चढली. मामा ड्रायव्हरशेजारी बसला आणि तिथूनच ओरडला, "आप्पा, आता सांगायला म्हैस न्हाय!" रडतोय की हसतोय, कळलं नाही. टेम्पो वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठतो की नाही, हे बायको चुलीपाशी पाठ करून ऐकत होती. गोळ्या घेतल्या, पायताण घातलं आणि निघालो. रिकाम्या हाताचं काय करावं, सुचेना; मग दोन्ही पाठीमागं बांधले. चौकात पानवाल्यानं हटकलं, "आप्पा, आज म्हस कुठाय?"

"गेली गावाकडं."

"मग तुम्ही कुठं निघालाय?"

"चालायला," मी म्हणालो, आणि थांबलो नाही.