काळ्या दोऱ्यात बांधलेला सर्ग

माझ्या आतेभावाइतका भित्रा माणूस मुंबई बेटावर त्याच्याआधी झाला नव्हता आणि पुढे होईल अशी मला आशाही नाही. भिण्यासारख्या गोष्टींना सगळेच भितात, त्यात काय विशेष? हा पठ्ठ्या टपालवाल्यालाही भ्यायचा, कारण पत्रात वाईट बातमी असू शकते. टपालवाला आमचं दार ओलांडून पुढे गेला की आणखी भ्यायचा, कारण मग आपलं पत्र नक्कीच हरवलं असणार. ट्रामचा घोडा उधळेल म्हणून तो ट्राममध्ये बसत नसे, आणि घोडा मुकाट उभा दिसला तर तो आजारी असावा म्हणून त्याच्या जवळूनही जात नसे. सोनापूरचं स्मशान टाळण्यासाठी तो कॉलेजला जाताना असा वळसा घ्यायचा की पहिला तास त्याला कधी पुरता मिळाला नाही. गिरगावातल्या एका चाळीत आम्ही दोघं एका खोलीत राहायचो, एकाच वर्गात शिकायचो, आणि त्याच्या भीतीचा निम्मा भार मी वाहायचो.

लॅटिनही त्याने भीतीपोटीच घेतलं. घरी पिढीजात भिक्षुकी, तेव्हा हा संस्कृतच घेणार हे सगळ्यांनी धरलेलं. पण हा म्हणाला, “संस्कृतात उच्चार चुकला तर पाप लागतं रे. लॅटिनात चुकलो तर कुठला देव रागावणार आहे?” पाद्री प्रोफेसरांसमोर एकट्याने बसायची भीती म्हणून त्याने मलाही त्या वर्गात ओढलं. तिथे आमच्यासाठी एक जुनं महाकाव्य वाढून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या आरंभालाच एक देवी चिडलेली निघाली. “ही तर आपल्याकडच्यांपेक्षा तापट दिसते,” तो पांढराफटक पडून म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो आंघोळ करून पाटावर बसू लागला आणि वेदाची संथा घ्यावी तशा मान हलवत लॅटिन ओळी म्हणू लागला. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या काकू सगळ्यांना सांगत, “आमच्या शेजारचे भटजी कुठल्या तरी निराळ्याच शाखेचे आहेत हो.” पाद्रीसाहेब मात्र त्याचं पठण डोळे मिटून ऐकत. त्यांनी एकदा दिलेल्या शाबासकीमुळेच याच्या मनात आलं की आपण बी. ए. व्हावं आणि एखाद्या शाळेत लॅटिनचे मास्तर व्हावं. भीती नसलेली तेवढी एकच इच्छा मी त्याच्यात पाहिली.

मग तो सर्ग आला. त्यात काव्याचा नायक जिवंतपणी मेलेल्यांच्या मुलखात उतरतो. नेमकं तेच साल गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं. रोज कुठल्या ना कुठल्या दारातून तिरडी उठत होती आणि माणसं बोचकी बांधून कोकणात पळत होती. “हे गरुडपुराणच आहे,” तो म्हणाला. “घरात कोणी गेल्याशिवाय गरुडपुराण वाचत नाहीत. छपराखाली हे उघडायचं नाही.” कॉलेजलाही छप्पर होतं, म्हणून त्या तासांना तो कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. पाद्रीसाहेबांनी काही विचारलं की उभा राहून नुसती मान डोलवायचा. परतल्यावर अंगावरच्या कपड्यांसकट नळाखाली बसायचा आणि कडुनिंबाचं पान चावून मगच खोलीत पाऊल टाकायचा. पुस्तकातली ती पानं त्याने काळ्या दोऱ्याने करकचून बांधून टाकली. मी पोट धरून हसायचो.

पण परीक्षेला तो सर्ग होता, आणि आतोबांनी त्याला बजावलेलं होतं की या खेपेला नापास झालास तर शिक्षण बंद, मिळेल ती नोकरी धर. तेव्हा त्याने तोड काढली. शेवटचे आठ दिवस चौपाटीच्या वाळूत बसायचं, उघड्या आभाळाखाली, आणि तिथे दोरा सोडून सर्ग पुरा करायचा. त्याची बुद्धी अशी की आठ दिवस पुष्कळ झाले असते.

त्या आठ दिवसांतल्या पहिल्याच दिवशी मला ताप भरला आणि काखेत गाठ आली.

चाळीतले उरलेसुरले लोकही संध्याकाळच्या आत निघून गेले. शेजाऱ्याच्या शिंकेला घाबरणारा माझा आतेभाऊ तेवढा राहिला. मला पाणी पाजताना तो निम्मं पाणी माझ्या गळ्यावर सांडायचा. “मला भीती वाटते रे,” तो म्हणायचा, “फार भीती वाटते,” आणि कपाळावरची पट्टी बदलायचा. मी म्हटलं, “चौपाटीवर जा. तासभर वाचून ये.”

“आणि तेवढ्यात तुला काही झालं तर?”

“मग इथेच वाच. त्याने काही मी मरत नाही.”

तो एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. “गप पड! आजारी माणसाच्या उशाशी ते वाचतात होय?”

गाठ फुटली आणि मी वाचलो. शुद्धीवर आलो तेव्हा तो पेपर देऊन परतला होता. कसा गेला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “बराचसा त्या सर्गावरच होता.” मग मला तांदळाची पातळ कण्हेरी भरवू लागला. तो नापास झाला. मी पुढच्या वर्षी बसलो, पास झालो, आणि जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं. तो परळच्या एका गिरणीत कारकून झाला आणि भोंग्याला भीत भीत तिथेच म्हातारा झाला. त्या आठ दिवसांबद्दल मी त्याच्याशी कधी नीट बोललो नाही. ही लाज मला अजून आहे.

गेल्या वर्षी तो गेला. पाचव्या दिवशी दुपारी वहिनींनी ते पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. काळा दोरा तसाच होता, गाठ तीच. आता छपराखाली वाचायला हरकत नव्हती. गाठ सोडताना मला फार वेळ लागला. मी मोठ्याने वाचू लागलो.

“काय लिहिलंय त्यात?” वहिनींनी विचारलं.

“एक जण आपल्या गेलेल्या माणसाला भेटायला खाली जातो.”

“भेटतो?”

“भेटतो. पण मिठी मारायला जातो, तर हातात काही येत नाही.”

पुढे मला वाचवेना. बाहेर गॅलरीत त्याची नातवंडं खेळत होती, त्यातली धाकटी दाराशी येऊन खोकली. मी चटकन पुस्तक मिटलं आणि तो काळा दोरा होता तसा पुन्हा करकचून बांधला.